बिघडलंय म्हणायचं नाही

आमच्या कारखान्यात 'बिघडलंय' हा शब्द उच्चारायला बंदी होती. तसा फलक कुठे लावलेला नव्हता. पण मेंटेनन्सच्या केबिनमध्ये जाऊन कुणी "साहेब, मशीन बिघडलंय" म्हणालं, की साहेब चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे म्हणत, "हे तुझं मत झालं. तुला दिसलं काय, ते सांग."

समोरचा ऑपरेटर बहुतेक धुळ्या-नंदुरबारकडचा असे. तो गडबडून जाई. "लई आवाज करून राहिलं साहेब."

"कसला आवाज?"

"खडखड खडखड."

"मग?"

"मग बंद पडलं."

"मग?"

"मग काय साहेब, मग मी तुमच्याकडं आलो ना!"

"मधलं सांग. खडखड वाढत गेली की एकदम थांबली? तेव्हा तू कुठे उभा होतास? हात कशावर होता?" असं मग-मग करत ते त्या माणसाला इतकं पिळून काढत, की शेवटी त्यालाच आठवे, खडखड सुरू व्हायच्या आधी धाग्याचं एक बॉबिन पडलं होतं आणि ते त्याने घाईघाईने उलटं बसवलं होतं. साहेब पाना हातात न घेताच उठत. पोरं पाठीमागे त्यांना 'मगसाहेब' म्हणायची. साहेबांना ते ठाऊक होतं. हे नाव प्रथम कुणी ठेवलं आणि का, याचीही त्यांनी एकदा चौकशी केली होती म्हणे.

मी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये होते. धागा ताणून तोडायचा आणि तो किती ताणल्यावर तुटला ते लिहायचं, हे माझं काम. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. टॅक्सच्या सवलतीमुळे सिल्वासात रोज एक नवा कारखाना उभा राहत होता आणि आमच्यासारखी माणसं नाशिक, पुण्याहून बिऱ्हाडं उचलून येत होती. माझ्या नवऱ्याची नोकरी प्लॅस्टिकच्या कारखान्यात होती, आणि घर टोकरखाड्याला. साहेबांचं घर आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे. त्यामुळे मगसाहेब मला दिवसाही होते आणि संध्याकाळीही.

एकदा भिंतीवरून मान काढून त्यांनी मला विचारलं, "बुधवारी तुमच्याकडे कडधान्य असतं का हो?"

मी म्हटलं, "असतं. का?"

"कुकरच्या शिट्या बुधवारी जास्त होतात. रिंग गेली असेल असं वाटलं होतं. पण मग ती बुधवारीच का जाईल?" एवढं बोलून समाधानाने मान आत. माझा नवरा आठवडाभर हसत होता. मला मात्र थोडा धाक बसला. या माणसाला अजून काय काय ऐकू येत असेल देव जाणे, म्हणून आम्ही काही दिवस हळू आवाजात भांडलो.

त्यांना चाखायचीही खोड होती. मशीनखाली काही सांडलेलं दिसलं की बोट बुडवून जिभेला लावायचे. तेल आहे, पाणी आहे की कूलंट, ते जिभेवर कळतं म्हणायचे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, यावर कपाळाला हात लावायची. "घरात मात्र आमटीत मीठ नसलं तरी कळत नाही यांना," असं ती मला सांगायची. वहिनी गोरीपान, ठसठशीत, चाळिशीच्या जवळ आलेली. तिचं हसणं भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरात यायचं. ते आलं नाही की पुण्याहून साहेबांच्या बहिणीचं पत्र किंवा फोन येऊन गेला असं समजायचं, हे मी मुक्कामाच्या पहिल्या सहा महिन्यांत शिकले.

त्यांना मूल नव्हतं.

आणि मग ती गाडी आली. आमच्या सेठच्या मेहुण्याने दुबईहून एक लाल, जपानी, दोनच सीटची स्पोर्ट्स गाडी पाठवली होती. ती कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. सुरू व्हायची, पण उभ्या-उभ्या अशी थरथरायची की आरशात मागचं काही दिसायचं नाही, आणि सिग्नलला बंदच पडायची. मुंबईचे मेकॅनिक येऊन हात टेकून गेले होते. एक दिवस सेठ साहेबांना म्हणाले, "लई जाओ साहेब, जग्या रोके छे." म्हणजे घेऊन जा, नुसती जागा अडवतेय. साहेबांनी 'नको' म्हणायचं नाटकसुद्धा केलं नाही. पोरांनी ढकलत ढकलत गाडी टोकरखाड्याला आणली आणि अख्खी कॉलनी गॅलरीत आली.

वहिनी दारात उभी होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मागे बसायला जागाच नाही."

"आपण दोघंच तर आहोत," साहेब म्हणाले. ते सहज म्हणाले होते, पण वहिनी आत गेली. मला त्या वेळी साहेबांचा राग आला होता.

थरथरीचं निदान त्यांनी कसं केलं, ते कॉलनीतल्या कुणालाही विचारा. रविवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू ठेवलं, उदबत्ती पेटवली आणि ती इंजिनावरून अगदी सावकाश फिरवायला लागले. लोक चपला काढून उभे राहिले. समोरच्या गुजराती काकूंनी तर हात जोडले. साहेब कुणाकडे बघत नव्हते. रबरी नळ्यांच्या कडेकडेने उदबत्ती नेत होते, आणि एका जागी तो सरळ वर जाणारा धूर वाकला आणि नळीत शिरला. "इथे!" ते ओरडले. नळीला केसाएवढी चीर होती आणि इंजिन तिच्यातून चोरून हवा ओढत होतं. त्यांनी कारखान्यातल्या नळीचा तुकडा बसवला, आणि ती गाडी इतकी शांत उभी राहिली की ती सुरू आहे का, हे बघायला लोक वाकले. पेट्रोलच्या गाडीवर उदबत्ती फिरवायला हिंमत लागते, हे मला नंतर सुचलं. मी तेव्हा भिंतीपाशीच उभी होते.

त्यानंतर काही महिने साहेब आणि वहिनी रोज संध्याकाळी फिरायला जायचे. आमलीच्या बाजारातून जाताना पोरं मागे धावायची. रविवारी दारूबंदीच्या गुजरातेतून बारमध्ये बसायला येणारे लोक ग्लास टाकून बाहेर यायचे, तेव्हा वहिनी पदर सावरून सरळ समोर बघत बसायची आणि घरी आल्यावर मला सगळं करून दाखवायची. ती इतकी खूश मी तिला आधी पाहिली नव्हती. साहेब तिला रोज काहीतरी समजावत असायचे. "गाडी म्हणजे इंजिन. बाकी सगळा पत्रा," हे त्यांचं वाक्य तिला पाठ झालं होतं.

दसऱ्यानंतर दहाबारा दिवसांनी गाडी पुन्हा थरथरायला लागली. शिवाय आता डॅशबोर्डवर काट्यांच्या शेजारी इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागला, तो विझेना. साहेबांना आधी आनंदच झाला. "गाडी स्वतःहून काहीतरी सांगतेय," ते भिंतीवरून मला म्हणाले, "फक्त तिची भाषा येत नाही आपल्याला."

भाषा म्हणजे अशी. बॉनेटखाली एक छोटी डबी होती. तिच्यातल्या दोन भोकांत वायरचा तुकडा घालून किल्ली फिरवली की तो पिवळा दिवा लुकलुकायचा. तीनदा लुकलुके, थांबे, मग एकदा. पुन्हा तीनदा, पुन्हा एकदा. दुखणं काय आहे त्याचा तो आकडा होता, पण त्या आकड्याचा अर्थ सांगणारं पुस्तक सिल्वासात तर नव्हतंच, मुंबईतही मिळालं नाही. दुसरा कुणी असता तर दुबईला फोन लावून मोकळा झाला असता. साहेब म्हणाले, "लहान मूल भाषा शिकतं ते पुस्तक बघून का?"

त्यांनी गाडीची चांगली इंद्रियं एकेक करून मुद्दाम बंद करायला घेतली. इंजिनावर ठिकठिकाणी काही-काही मोजणारी यंत्रं होती, प्रत्येकाला एक प्लग. एक प्लग काढायचा, गाडी सुरू करायची, बंद करायची आणि दिवा काय म्हणतो ते मोजायचं. म्हणजे त्या यंत्राचं दिव्याच्या भाषेतलं नाव कळलं. मग प्लग पुन्हा लावायचा, फ्यूज काढायचा, की दिवा सगळं विसरे. मग पुढचा प्लग. मला गाडीत बसून लुकलुक मोजायचं काम दिलं होतं. पाण्याची उष्णता मोजणाऱ्याचा प्लग काढला तेव्हा दिवा त्या तीन-एकाच्या आधी दोनदा आणि पुन्हा दोनदा लुकलुकला, तर मी एवढ्यांदा ओरडले की माझा नवरा धावत आला. खरं सांगते, धागे तोडण्याच्या त्या नोकरीत मला इतकी मजा कधी आली नव्हती.

दुपार कलली तेव्हा हवा मोजणाऱ्या डब्याची पाळी आली. साहेबांनी प्लग काढला, गाडी धापा टाकून बंद पडली. मी मोजलं. तीन. मग एक.

"हेच तर आधी सांगत होता!" मी म्हटलं.

"प्लग लावलेला असताना जे सांगत होता, तेच काढल्यावरही सांगतोय," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता. "म्हणजे हा प्लग लावलेला असून नसल्यासारखा आहे."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आली. साहेबांनी प्लग उन्हात धरला. मीही उतरून बघायला गेले. आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि कडेला काहीतरी चिकट वाळलं होतं, त्याला लालसर रंग होता. एक तपकिरी तंतू चिकटला होता. साहेबांनी सवयीने करंगळी लावून ते जिभेवर ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वहिनीकडेही नाही. प्लग मुठीत मिटला.

"काय सापडलं?" वहिनीने विचारलं.

"उंदीर," साहेब म्हणाले. "उंदराने घाण केलीय."

मी हसणार होते. या माणसाने जन्मात कधी न तपासता काही म्हटलं नव्हतं, आणि इथे तर तपासून खोटं बोलत होता. पण वहिनी हसत नव्हती. तिने चहा गाडीच्या टपावर ठेवला, साहेबांची मूठ उघडली आणि प्लग हातात घेऊन बघितला.

"हे कुंकू आहे," ती म्हणाली. "उंदीर कुंकू लावतो का?"

साहेबांनी प्लग परत घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही.

"दसऱ्याला तुम्ही कारखान्यातल्या पूजेला गेलात, तेव्हा मी हिची पूजा केली. टायरपाशी नारळ फोडला. तुम्हीच म्हणता ना, गाडी म्हणजे इंजिन. म्हणून बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावलं, वर नारळाचं पाणी घातलं. सगळं. देवाला घालतो तसं."

"असू दे गं. पुसलं की झालं. कशामुळे झालं त्याच्याशी काय करायचंय आपल्याला?"

हे मगसाहेब म्हणाले. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण मी तिथेच थांबले.

"हे तुम्ही मला दुसऱ्यांदा म्हणताय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "लग्नाला सहा वर्षं झाली होती. पुण्याच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दोघांच्या तपासण्या करून घ्या. तेव्हा बाहेर रिक्षात बसल्यावर तुम्ही म्हणालात, कशामुळे ते काय करायचंय आपल्याला. अख्ख्या दुनियेला विचारता, मग काय, मग काय. या पत्र्याच्या डब्याची भाषा शिकायला दिवस घालवता. मला एकदा विचारलंत?"

"तुला दोष लागू नये म्हणून," साहेब म्हणाले. "कुणालाच लागू नये म्हणून. कळलंच नाही तर कुणाचा म्हणणार?"

"माझा म्हणतात," वहिनी म्हणाली. "कळलं नाही की बाईचाच असतो. तुम्हाला हे माहीत नाही?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी त्यांचा चेहरा बघत होते. मग वहिनीने त्यांना सांगितलं. नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं पुढच्या महिन्यात. नणंदेने फोन करून बोलावलं होतं आणि वर म्हणाली होती, ये गं, पण ओटी भरायला तू पुढे होऊ नकोस, उगाच लोक बोलतात, पोरीच्या मनाला लागतं. अशा चार-पाच ओट्या वहिनीने आतापर्यंत कोपऱ्यात बसून बघितल्या होत्या. साहेबांना ती दर वेळी सांगायची, डोकं दुखतंय म्हणून मागे बसले होते. आणि साहेबांनी, कुकरच्या शिट्या मोजणाऱ्या माणसाने, एकदाही विचारलं नव्हतं की डोकं डोहाळजेवणातच का दुखतं.

"मूल आता नको मला," वहिनी म्हणाली. "ते वय गेलं. मला कारण हवंय. माझ्यात असलं तर माझ्यात आहे म्हणा. मी मान खाली घालून बसेन, पण कशासाठी बसलेय ते तरी कळेल."

साहेबांनी टपावरचा गार झालेला चहा उभ्यानेच संपवला आणि वहिनीच्या हातातून प्लग घेतला. मी घरी आले आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. अंगणात ते प्लग घासत असल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली आणि अजिबात थरथरली नाही. तरी त्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ते दोघं त्याच गाडीतून सुरतेला गेले. एकदा तपासण्यांना आणि एकदा निकाल घ्यायला. मधल्या दिवसांत कारखान्यात साहेब कुणाला काही विचारत नव्हते. ऑपरेटर येऊन "साहेब, मशीन बिघडलं" म्हणायचा आणि साहेब "बघतो" म्हणून उठायचे. पोरं घाबरली. एकाने मला येऊन विचारलं, "मॅडम, साहेबांची तब्येत बरोबर नाही का?" मला त्या माणसाची दया येत होती आणि तितकाच रागही येत होता. प्रेमापोटी केलेल्या गोष्टीने बायको इतकी वर्षं कोपऱ्यात बसली, हे ज्याला अचानक कळलं असेल त्याने काय करावं, हे मला आजही सांगता येणार नाही.

निकाल आणल्यानंतरच्या रविवारी मी आईला नाशिकला फोन करायला आमलीतल्या एसटीडी बूथवर गेले होते. रविवारी दर कमी, त्यामुळे रांग होती. कारखान्यातली पोरं होती, बारमधून आलेले दोघं-तिघं होते. बाहेर लाल गाडी उभी होती आणि आत साहेब फोनवर होते. वहिनी बूथच्या दाराशी. काचेचं दार मोडलेलं असल्याने ते नीट लागत नसे, आणि लाइन इतकी खराब की प्रत्येकाला ओरडूनच बोलावं लागे. त्या बूथमुळे आम्हाला सगळ्यांच्या घरचं सगळं माहीत असायचं.

"ताई," साहेब ओरडत होते, "आम्ही सुरतेला जाऊन आलो. तपासण्या केल्या. हो, दोघांच्या! दोष माझ्यात आहे."

बूथवाल्या गुजराती भाईने रेडिओ बारीक केला.

"माझ्यात! तिच्यात काही नाही. काय? ऐकू येत नाही? अगं, माझ्यात म्हणतोय, माझ्यात!"

आमच्याच खात्यातला एक ऑपरेटर माझ्यापुढे उभा होता. त्याने मान खाली घातली. साहेबांचे कान लाल झाले होते. रिसिव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. बाहेर कोण कोण उभं आहे ते त्यांना दिसत होतं, कारण एकदा त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. तरी आवाज कमी केला नाही. मला वाटलं, आपण रांग सोडून निघून जावं, पण कुणीच हललं नाही. सगळे नुसते उभे राहिले, एखाद्याचं नीट ऐकून घ्यावं तसे.

"काय म्हणतेस?" साहेब पुन्हा ओरडले. "पुन्हा सांगू?"

तेव्हा वहिनी आत गेली आणि तिने त्यांच्या हातातून रिसिव्हर घेतला. ती ओरडली नाही. घरात बोलते तशी बोलली.

"वन्सं, तुम्हाला ऐकू आलंय. इथे सगळ्यांना आलं. त्यांना आता परत सांगायला लावू नका." मग थोडा वेळ तिकडचं ऐकत राहिली. मोकळ्या हाताने तिने साहेबांची बाही धरून ठेवली होती. "नाही, रडू नका. मी येतेय डोहाळजेवणाला. ओटी मी भरणार आहे. पोरीला हिरव्यातली कुठली साडी आवडते, ते तेवढं विचारून ठेवा."